अनमोडचा चढ आणि ऑइलचा काटा

गोव्यातलं मोलेम सोडून घाट चढायला लागलो तेव्हा ऑइलच्या प्रेशरचा काटा अडीच किलोवर होता. मागे दहा टन खताची पोती, नोव्हेंबरातली दुपार, गाडी दुसऱ्या गिअरवर रांगत होती. वर अनमोडला येऊन कडेला उभी केली, न्यूट्रल केली, आणि काटा खाली उतरायला लागला. उतरत उतरत शून्याच्या रेघेला टेकला. तांबडा दिवा मिणमिणला. ॲक्सिलरेटर दाबला की विझायचा, सोडला की पुन्हा पेटायचा.

गाडी २००२ ची टाटा १६१३, टर्बोवाली, केए-२२ पासिंग. अप्पांनी ती नवी घेतली होती तेव्हा मी शाळेत होतो. खानापुरातून विटा आणि कौलं गोव्याला न्यायची, येताना खत किंवा मिळेल तो माल आणायचा, आणि गळीत हंगाम लागला की चार महिने ऊस ओढायचा. आमच्या घरातली दोन शिक्षणं आणि एक लग्न या गाडीवर झालंय. म्हणून तो दिवा पेटलेला बघून पोटात जे झालं ते नुसतं खर्चाच्या भीतीनं झालं नाही.

पट्टी काढून बघितली. ऑइल बरोबर वरच्या खुणेला. आमच्या गाडीची हीच तर ख्याती होती. बाकीच्यांच्या जुन्या गाड्या दोन फेऱ्यांत लिटरभर ऑइल खातात, आमची एका बदलीपासून दुसऱ्या बदलीपर्यंत थेंब मागत नाही, असं अप्पा चारचौघांत अभिमानानं सांगायचे. ऑइल भरपूर, आणि प्रेशर नाही. मी अर्धा तास थांबलो, इंजिन थंड होऊ दिलं आणि लोंढ्यामार्गे हळूहळू घरी आलो.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर चहाला बसलो आणि गोष्ट काढली. पाच ड्रायव्हरांनी पाच उत्तरं द्यायला हवी होती, खरं सगळ्यांनी एकच दिलं. "गाडी म्हातारी झाली, आता जाड ऑइल घाल." वीस-पन्नास, म्हणजे २०डब्ल्यू-५० ग्रेडचं, घाल म्हणाले. एकानं तर ऑइलबरोबर घट्ट करायचं औषध मिळतं, त्याची बाटली ओत म्हणून दुकानही सांगितलं. अप्पांचंही मत तेच पडलं. त्यांच्या आधीच्या १२१० गाडीला ते चाळीस नंबरचं एकेरी ऑइल घालायचे. थंडीत सकाळी ते काकवीसारखं असायचं आणि घाट चढताना पाण्यासारखं व्हायचं, म्हणून उन्हाळ्यात पन्नास नंबर घालायची पद्धत होती. त्या काळाला तो सल्ला बरोबरच होता.

हा सल्ला इतका पक्का का बसलाय हे समजून घ्यायला आमच्या इंजिनाची कुळी सांगायला हवी. टाटांनी १९५४ ला जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार केला आणि तो १९६९ पर्यंत चालला. आमच्या इंजिनाचा नंबर ६९७. म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर. त्याआधीचं ६९२, म्हणजे सहा सिलिंडर, ९२ चा बोअर. ६९७ चा बोअर आणि स्ट्रोक, ९७ आणि १२८ मिलिमीटर, मर्सिडीझच्या जुन्या ओएम-३५२ शी तंतोतंत जुळतात, ५,६७५ सीसी. अशी इंजिनं भारतात दोन-तीन पिढ्यांनी उघडली आणि जोडली आहेत. त्यामुळं प्रत्येक मिस्त्रीकडे आणि प्रत्येक म्हाताऱ्या ड्रायव्हरकडे त्यांच्याविषयी एक तयार मत असतं. ते मत बहुतेक वेळा खरं निघतं. म्हणूनच ते तपासायचं राहून जातं.

मी वीस-पन्नासची बकेट आणली. जुनं ऑइल काढलं, फिल्टर बदलला, नवं भरलं. गाडी चालू केली आणि काटा चारच्या पुढं गेला. गरम झाल्यावर न्यूट्रलला दीड किलो. अप्पा खूश, मी खूश. सगळ्यांना चहा पाजला.

डिसेंबर लागला. नंदगडच्या बाजूला ऊस भरायला पहाटे पाचला जात होतो. आमच्याकडे त्या दिवसांत पहाटे चांगलीच थंडी असते, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला तर शेकोटीपासून हात काढवत नाही. स्टार्टर मारला की इंजिन घेत होतं, खरं काटा वर यायला आठ-नऊ सेकंद लावत होता. पूर्वी तीन-चार सेकंदांत यायचा. आणि त्या आठ सेकंदांत टर्बोकडून एक कोरडा, किंचाळल्यासारखा आवाज येत होता. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. त्याच्या दांड्याला आधार असतो फक्त ऑइलच्या पातळ थराचा. ऑइल तिथं पोचेपर्यंत दांडा कोरडाच फिरतो. तो आवाज ऐकला की मी मनात सेकंद मोजायचो.

आणि तीन आठवड्यांत, जेमतेम तीन हजार किलोमीटरवर, न्यूट्रलचा काटा पुन्हा खाली यायला लागला. दीडवरून एक, एकवरून पाऊण. ऑइल जाड, नवं, आणि पट्टीवर एक रेघही कमी नाही.

तेव्हा मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या मिस्त्रीमामांकडे गाडी नेली. त्यांनी पहिल्यांदा ठरावीक तेच सांगितलं. "बेरिंग गेलं असणार, हाफ इंजिन काम काढू या." खर्चाचा आकडा साठ-सत्तर हजारांच्या घरातला. हंगाम ऐन भरात, कारखान्याची पाळी ठरलेली, गाडी पंधरा दिवस उभी राहिली असती. मी गप्प बसलो. मामांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाले, "थांब, आधी मोजू. तुझ्या मीटरवर विश्वास नाही माझा."

डॅशबोर्डवरचा काटा विजेवर चालतो. इंजिनावरचा सेंडर, म्हणजे प्रेशर मोजून काट्याला कळवणारा भाग, जुना झाला की तो काहीही दाखवू शकतो. मामांनी ब्लॉकवरचा सेंडर काढून तिथं नळीचं थेट मीटर लावलं आणि गाडी तासभर पळवून आणायला सांगितलं. मी हिंडलगा, सुळगा करून आलो. थेट मीटरवर न्यूट्रलला अर्ध्या किलोला जरा कमी, गाडी पळताना दोन. म्हणजे डॅशबोर्ड खोटं बोलत नव्हता. मग ऑइल भरायच्या टोपणावर हात धरून बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनच्या रिंगांच्या कडेनं खाली झिरपणारा वायू, बघितलं. होतं, खरं बावीस वर्षांच्या इंजिनाला असतं तेवढंच.

मग मामांनी पट्टी काढली आणि ती नाकाला लावली. एकदा, दोनदा. माझ्याकडं धरली. "वास घे."

डिझेलचा वास होता. हलका, खरं होता.

त्या क्षणी मला कळलं की आपण एवढे महिने उलटं वाचत होतो. ऑइल कमी होत नव्हतं, कारण रिंगांवाटे जेवढं जळत होतं तेवढंच डिझेल खालून मिसळत होतं. पट्टीवरची रेघ जागची हलत नव्हती ती निरोगीपणामुळं नाही, दोन दुखणी एकमेकांना भरून काढत होती म्हणून. ज्या गोष्टीचा आम्ही अभिमान बाळगला होता तीच रोगाची खूण होती.

नुसत्या वासावर मामांनाही निकाल द्यायचा नव्हता. त्यांनी टिपकागदाचा तुकडा आणला आणि गरम इंजिनातल्या ऑइलचा एक थेंब त्यावर सोडला. कागद आडवा, खालून मोकळा, रात्रभर ठेवायचा. सकाळी मधे काजळीचा काळा ठिपका, त्याभोवती राखाडी कडं, आणि सगळ्यात बाहेर एक पिवळट, जवळजवळ पारदर्शक कडं, चांगलं बोटभर रुंद पसरलेलं. ते बाहेरचं कडं म्हणजे डिझेल. ते पातळ असल्यामुळं ऑइलच्या पुढं धावतं. शेजारी मामांनी दुसऱ्या एका गाडीचा थेंब टाकला होता, त्याला तसं कडं नव्हतं. दोन थेंब शेजारी ठेवले की समजवायला फार बोलावं लागत नाही.

तरीही मला आकडा हवा होता. तो कसा काढायचा ते मला सुचलं मामांच्या शेजारच्या पेंटिंगच्या शेडमुळं. तिथं मशिनच्या भागांना रंग मारतात, आणि रंग किती पातळ झालाय हे बघायला त्यांच्याकडे एक छोटा कप असतो, तळाला ठरावीक भोक असलेला. कप काठोकाठ भरायचा, भोकावरचं बोट काढायचं आणि धार तुटेपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजायचं. मी बकेटीत उरलेलं वीस-पन्नास आणि इंजिनातून काढलेलं वीस-पन्नास, दोन्ही शेडमध्ये एका जागी चार तास ठेवली, म्हणजे दोन्ही एकाच गरमपणाची होतील. नव्याला दीड मिनिटाला थोडं कमी लागलं. इंजिनातल्याला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. काजळीनं खरं तर ऑइल दाट व्हायला हवं, तरीही ते पातळच झालं होतं. चाळीस ग्रेडच्या ऑइलात पाच टक्क्यांच्या आसपास डिझेल मिसळलं की ते जवळपास तिशीच्या पातळपणावर उतरतं. आमच्यात त्याहून जास्त असणार.

आता डिझेल येतं कुठून? डिझेल फवारणारं नोझल टपकत असेल तर सिलिंडरच्या भिंतीवरून खाली येतं, तेही तपासलं, नोझल बरे होते. मामांनी बोट ठेवलं डिझेल पंपावर. आमचा पंप ओळीचा, जुन्या घडणीचा, आणि त्याच्या कॅमशाफ्टला वंगण मिळतं ते इंजिनाच्या ऑइलचंच. त्या पंपाच्या बगलेला छोटा फीड पंप असतो, टाकीतलं डिझेल ओढणारा. त्याचा दांडा आत कॅमपर्यंत जातो. तो दांडा आणि त्याचं भोक झिजलं की डिझेल कडेनं आत झिरपतं, कॅमच्या खोलीतून ऑइलबरोबर इंजिनाच्या चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या ऑइलच्या टाकीत, जातं. बाहेर एक थेंबही दिसत नाही. गाडीखाली डाग नाही, ॲव्हरेजमध्ये डोळ्यांत भरण्यासारखा फरक नाही.

पंपाचं काम करणारे चाचा बेळगावातलेच. त्यांनी फीड पंप सोडवला, दांडा हातात धरून हलवला आणि "बघा की" एवढंच म्हणाले. दांडा भोकात डुगडुगत होता. नवा फीड पंप, मोठ्या पंपाची दोन सीलं, बसवणावळ, सगळं मिळून अडीच हजारांच्या आत झालं. वीस-पन्नासच्या बकेटीला मी त्याहून जास्त घातले होते.

खरं पातळ ऑइलवर गाडी किती महिने पळाली होती कुणाला माहीत. म्हणून मामांच्या आग्रहानं चेंबर उतरवून बेरिंगं बघितली. दोन कनेक्टिंग रॉडच्या बेरिंगांचा वरचा राखाडी थर जाऊन खालचा तांबूस रंग दिसायला लागला होता. क्रँकवर ओरखडा नव्हता. आणखी एक हंगाम तसाच गेला असता तर क्रँक ग्राइंडिंगला गेली असती. बेरिंगांचा सेट बदलला, ऑइल पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह साफ केला. दोन दिवसांत गाडी उभी राहिली. कारखान्याची एकच पाळी चुकली.

इथून पुढं खरा प्रश्न सुरू झाला. दुखणं बरं झालं, आता या इंजिनात कायमचं कोणतं ऑइल घालायचं?

मी गाडीचं पुस्तक शोधलं. अप्पांनी ते विम्याच्या कागदांबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवलं होतं. त्यात पंधरा-चाळीस, म्हणजे १५डब्ल्यू-४०, होतं, आणि पुढं सीएफ-४ अशी अक्षरं. पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा, दुसरा इंजिन गरम झाल्यावरचा. शंभर अंशांवर चाळीसच्या ऑइलचा दाटपणा साडेबारा ते सोळा-पूर्णांक-तीन सेंटिस्टोकमध्ये बसावा लागतो, पन्नासचा त्याच्या पुढं एकवीस-पूर्णांक-नऊपर्यंत. म्हणजे पन्नास हे काही वेगळ्या जातीचं, जास्त ताकदीचं ऑइल नाही. ते गरमीत जास्त दाट राहतं, एवढंच. आणि दाट ऑइल मीटरला जास्त प्रेशर दाखवतं ते त्याला वाहायला अडथळा जास्त होतो म्हणून. बेरिंगला लागतं ते वाहतं ऑइल. ते तिथली उष्णता घेऊन बाहेर जातं, पिस्टन थंड ठेवतं, टर्बोला भिजवतं. मी काट्याला खूश करत होतो आणि टर्बोला उपाशी ठेवत होतो.

पुढं जी 'डब्ल्यू'आधीची संख्या असते तिच्याविषयी आपल्याकडे लोक म्हणतात, आपल्याकडे कुठं बर्फ पडतो, पंधरा काय आणि वीस काय. पंधराची कसोटी उणे वीस अंशांवर लागते, विसाची उणे पंधरावर, हे खरं. पण पहाटेच्या थंडीतही पंधराचं ऑइल विसाच्या आधी टर्बोपर्यंत पोचतं, आणि ते मी त्या आठ-नऊ सेकंदांत कानानं ऐकलं होतं. पंधरा-चाळीस पक्कं झालं.

आता अक्षरं. ट्रकच्या बकेटीवर 'सी'पासून सुरू होणारी अक्षरं बघायची, 'एस'ची नाही. 'एस' ही पेट्रोल गाड्यांची. दुकानात स्वस्तात मिळालेली 'एस'ची बकेट ट्रकमध्ये ओतलेली मी बघितलीय. 'सी'च्या पुढच्या अक्षरांत वर्षं दडलेली असतात. सीएफ-४ १९९० चं, सीएच-४ १९९८ चं, सीआय-४ २००२ चं, त्यानंतर सीआय-४ प्लस, मग सीजे-४ आणि २०१६ च्या शेवटी सीके-४. नवं जुन्याच्या जागी चालतं, जुनं नव्याच्या जागी चालत नाही. त्यामुळं पुस्तकात सीएफ-४ लिहिलंय म्हणून तेच शोधत बसायचं कारण नाही. सीआय-४ काजळी जास्त चांगली अंगात धरून ठेवतं, ती खाली बसू देत नाही.

मग सगळ्यात नवं सीके-४ च का नको? मी इथं बराच अडकलो होतो. सीजे-४ आणि सीके-४ ही ऑइलं अशा इंजिनांसाठी आली की ज्यांच्या सायलेन्सरमध्ये धूर गाळायची जाळी असते. त्या जाळीत ऑइलची राख साठू नये म्हणून राखेचं प्रमाण एक टक्क्यावर बांधून दिलं. आमच्या १६१३ ला तसलं काही नाही. सीके-४ घातलं तर बिघडणार नाही, खरं त्यासाठी जादा पैसे मोजायला कारणही नाही.

उलट बाजूनं अप्पांची एक शंका होती आणि ती विचार करण्यासारखी होती. डिझेलमधल्या गंधकाचं आम्ल होतं आणि ते मारायला ऑइलात अल्कली लागते, म्हणून जुन्या इंजिनाला कडक ऑइल पाहिजे, असं ते म्हणत. त्यांच्या उमेदीच्या काळात डिझेलमध्ये गंधक अतोनात होतं. खरं डिझेल बदललंय. बीएस-३ च्या डिझेलला दहा लाखांत ३५० भाग गंधक चालायचं, बीएस-४ ला ५०, आणि एप्रिल २०२० पासून देशभर मिळतं त्या बीएस-६ च्या डिझेलला फक्त १०. गाडी २००२ ची असली तरी तिच्या टाकीत आज जे पडतं ते आजचं. त्यामुळं आम्लाची भीती आता पूर्वीसारखी नाही. सीआय-४ प्लसमध्ये जेवढी अल्कली असते तेवढी आमच्या कामाला पुरून उरते. हे आकडे मी अप्पांना समोर बसवून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मग आमच्या वेळचं आमच्या वेळेपुरतं."

सीआय-४ प्लस, पंधरा-चाळीस. सर्वो, मॅक, कॅस्ट्रॉल, कुणाचंही. ब्रँडवरून स्टँडवर तासन्‌तास भांडणं होतात. मला त्यात अर्थ वाटत नाही. अक्षरं आणि आकडे बरोबर असतील आणि माल अस्सल असेल तर बाकी थोडाच फरक राहतो. अस्सल असेल तर, हे मात्र मोठं आहे. आपल्या भागात रिकाम्या बकेटींना भाव येतो तो उगीच नाही. चांगल्या कंपनीची रिकामी बकेट, आत धुतलेलं काळं ऑइल, वर नवं झाकण. म्हणून मी ओळखीच्या अधिकृत दुकानातून पक्क्या बिलावर घेतो, झाकणाचं सील आणि तारीख-बॅच बघतो, आणि ओतून झालं की बकेटीच्या तळाला खिळा मारून भोक पाडतो. घरच्यांना बकेट पाण्याला पाहिजे असते, त्यांचं ऐकत नाही. काढलेलं काळं ऑइल सेंट्रिंगवाले मागायला येतात, प्लेटांना लावायला. त्यांनाही आता देत नाही. डबे भरले की ते ऑइल गोळा करायचा परवाना असलेल्या माणसाकडे जातं. मलप्रभा कणकुंबीला उगवते आणि आमच्या गावावरून जाते. पावसात प्लेटा धुतल्या की ते ऑइल शेवटी तिच्यातच उतरतं.

पहिली भरती मी मुद्दाम तीन हजार किलोमीटरवरच काढली. बावीस वर्षांच्या इंजिनात भिंतींना चिकटलेला गाळ असतो आणि चांगलं ऑइल तो सोडवायला लागतं. सोडवलेला गाळ फिल्टरमध्ये जातो, आणि फिल्टर तुंबला तर बायपासमधून न गाळलेलं ऑइल थेट बेरिंगांवर. फ्लशिंग ऑइल घालून एका झटक्यात साफ करायचा सल्लाही मिळाला होता. मामांनी तो मोडून काढला. एवढ्या वर्षांचा मळ एका तासात सुटला तर तो ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसेल, म्हणाले. सावकाश सुटू दे. तीन हजारांवर काढलेला फिल्टर आम्ही पत्रा कापून उघडला. कागदाच्या घड्यांत काळा चिखल भरपूर, चकाकणारे कण मात्र नव्हते. चुंबक फिरवला, त्यालाही काही चिकटलं नाही. दुसरा फिल्टर सहा हजारांवर उघडला, तो निम्म्यानं स्वच्छ होता.

आणि आता आमची गाडी ऑइल खाते. दर हजार-बाराशे किलोमीटरला अर्धा लिटर. पहिल्यांदा पट्टी खाली गेलेली बघून अप्पांचा चेहरा उतरला होता. मला मात्र ती रेघ उतरलेली बघून बरं वाटलं, कारण आता ती खरं बोलत होती. रिंगा झिजल्यात, त्या पुढच्या उन्हाळ्यात मोकळ्या वेळी बदलू. तोवर अर्धा लिटर ओतायचं. टर्बोसाठी एक सवय लावून घेतली आहे, घाट चढून आलं की गाडी लगेच बंद करायची नाही, दोन मिनिटं न्यूट्रलला ठेवायची. चालत्या ऑइलनं दांडा थंड होतो, नाहीतर थांबलेलं ऑइल तिथंच जळून कोळसा होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा गोव्याहून खत घेऊन आलो. पोती तेवढीच, ऊन नोव्हेंबरपेक्षा जास्त. अनमोडला त्याच जागी गाडी लावली, न्यूट्रल केली आणि काट्याकडं बघत बसलो. एक किलोच्या किंचित वर थांबला. दिवा पेटला नाही. पहाटेच्या स्टार्टला आता काटा चार सेकंदांत उठतो आणि टर्बोचा कोरडा आवाज गेला.

त्या दिवसापासून डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही आहे. किती किलोमीटरला किती ओतलं, न्यूट्रलचा काटा किती, हे तिच्यात लिहायचं. ती मी सुरू केली, खरं आता लिहितात अप्पा. परवा बघितलं तर त्यांनी एक रकाना स्वतःहून वाढवलाय. त्याच्या डोक्यावर त्यांच्या मोठ्या अक्षरात लिहिलंय 'वास', आणि खाली प्रत्येक तारखेसमोर 'नाही'.